'ईसीएम गेलाय' म्हणण्याआधी: इंजिनाचा कंप्युटर टेबलावर तपासण्यासाठी बेंच कसा उभारायचा

गाडी स्टार्ट होत नाही, स्कॅनर ईसीएमला जोडला जात नाही, आणि दोन तास वायरिंग चाळून झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "ईसीएम गेलाय." या वाक्याचे पैसे ग्राहक मोजतो. नवा ईसीएम येतो, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) जुळवला जातो, कोडिंग होतं, तरी गाडी तशीच. शेवटी दोष सापडतो सडलेल्या अर्थ पॉइंटमध्ये, नाहीतर मेन रिलेच्या काळ्या पडलेल्या पायात. लहान गॅरेजमध्ये हे वारंवार घडतं, कारण ईसीएमवर संशय घेणं सोपं असतं आणि तो निर्दोष आहे हे दाखवायला साधन नसतं.

ते साधन म्हणजे टेस्ट बेंच. ईसीएम गाडीतून काढायचा, टेबलावर त्याला स्वच्छ करंट आणि पक्की अर्थ द्यायची, खोटे सेन्सर जोडायचे आणि तो वागतो कसा ते बघायचं. हे कुणी एका जागी नीट सांगत नाही. माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते आणि निम्मी चुकीची असते. मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग जमतं, गाडीचं वायरिंग थोडंफार कळतं, पण बेंच कधी उभारला नाही, अशांसाठी हा लेख आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. ईसीएम जागा होतो का, बोलतो का, सेन्सर वाचतो का, इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलला हुकूम देतो का, एवढं बेंचवर कळतं. गाडी पिकअप का घेत नाही किंवा चढावर झटके का मारते, याचं उत्तर टेबलावर मिळत नाही.

१. पहिला ईसीएम कोणता घ्यायचा

सरावासाठी पोर्ट इंजेक्शनच्या (इंजेक्टर सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारतो अशा) साध्या पेट्रोल गाडीचा ईसीएम घ्या. बीएस-३ किंवा बीएस-४ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळातला चालेल. कॉमन रेल डिझेलने सुरुवात करू नका. त्या ईसीएमच्या आत इंजेक्टर उघडण्यासाठी साधारण ६५ ते ८० व्होल्ट तयार होतात, आणि पिएझो इंजेक्टरच्या गाड्यांमध्ये त्याहूनही जास्त. हात बसल्याशिवाय तिकडे जायचं नाही. पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनलाही हेच लागू.

हा पहिला ईसीएम चालू स्थितीतला हवा. बंद पडलेला स्वस्तात मिळतो म्हणून घेतलात, तर बेंच चुकलाय की ईसीएम, हे कळणारच नाही. निरोगी ईसीएम किती करंट खातो, चावी ऑन केल्यावर काय करतो, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आजारी ईसीएम ओळखता येतो.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, किंवा तुमच्या गावाजवळ गाड्या तोडणारा जो कुणी असेल, त्याच्याकडे पुढच्या वस्तू एकाच गाडीच्या मागा:

- ईसीएम आणि त्याचे कनेक्टर, वीतभर वायर ठेवून कापलेले
- ॲक्सिलरेटर पेडल (इलेक्ट्रॉनिक असेल तर)
- थ्रॉटल बॉडी
- क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर
- मेन रिले, त्याच्या बेससकट

कनेक्टर सोडून नुसता ईसीएम आणू नका. सुट्या पिनांवर मगर क्लिपा लावून काम भागेल असं वाटतं, पण त्या पिना एकमेकींपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर असतात. एक क्लिप सरकली की १२ व्होल्ट सरळ ५ व्होल्टच्या लाइनवर जातात.

बिल घ्या आणि त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा माल तुमच्या टेबलावर सापडला, तर प्रश्न तुम्हाला विचारले जातील.

२. कागद आधी, वायर नंतर

ईसीएमच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा. पार्ट नंबर तिथेच असतो. बॉश कंपनीच्या ईसीएमवर नंबर ०२६१ ने सुरू होत असेल तर तो पेट्रोलचा, ०२८१ ने होत असेल तर डिझेलचा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन कोडही लिहून ठेवा.

मग त्याच गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यात उत्तम. पिन नंबर मी मुद्दामच देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत पिना बदललेल्या असतात, आणि दुसऱ्याच्या यादीवर विसंबून जोडणी केली की ईसीएम जळतो. डायग्राम हातात नसेल तर थांबा.

डायग्राममधून या लाइनी शोधून कागदावर उतरवा:

- सतत १२ व्होल्ट, बॅटरीतून थेट (टर्मिनल ३०)
- चावी ऑन केल्यावरचे १२ व्होल्ट (टर्मिनल १५)
- मेन रिलेतून येणारे १२ व्होल्ट (टर्मिनल ८७), बहुधा एकाहून जास्त पिना
- मेन रिलेचा कंट्रोल, म्हणजे ईसीएम ज्या पिनेतून रिले ओढतो ती
- पॉवर अर्थ (टर्मिनल ३१), याही अनेक पिना
- सेन्सरची अर्थ आणि सेन्सरची ५ व्होल्ट लाइन, प्रत्येकी एक किंवा जास्त
- ईसीएम ज्यांवरून स्कॅनरशी बोलतो त्या वायरी: कॅन-हाय, कॅन-लो, किंवा जुन्या गाडीत के-लाइन

३०, १५, ३१, ८७ हे आकडे जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधले. युरोपीय गाड्यांच्या डायग्राममध्ये ते सरळ छापलेले असतात. टोयोटाच्या डायग्राममध्ये याच लाइनींना बॅट, आयजीएसडब्ल्यू, प्लस-बी, एम-रेल, ई१ अशी नावं दिसतील. सेन्सरची अर्थ ई२ आणि ५ व्होल्टची लाइन व्हीसी. नावं वेगळी, कामं तीच.

मेन रिलेकडे जास्त लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांत ईसीएम रिलेच्या कॉइलला अर्थ देतो, म्हणजे कॉइलचं दुसरं टोक कायम १२ व्होल्टला असतं. टोयोटाच्या पद्धतीत ईसीएम कॉइलला पॉझिटिव्ह देतो. हे उलटं जोडलं तर रिले कधीच ओढणार नाही, किंवा कायम ओढलेला राहील.

इथला सगळ्यात मोठा सापळा कनेक्टरच्या चित्राचा आहे. चित्र वायरच्या बाजूने काढलंय की पिनांच्या बाजूने, हे न बघता जोडणी केली तर सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. कनेक्टरच्या प्लास्टिकवर कोपऱ्यातल्या पिनांचे नंबर बारीक अक्षरांत कोरलेले असतात. टॉर्च मारून ते वाचा आणि चित्राशी जुळवा.

मग मल्टिमीटरने खात्री करा, ईसीएमला काहीही जोडण्याआधी. डायग्राममध्ये पॉवर अर्थ म्हणून दाखवलेल्या पिना ईसीएमच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यांच्यात जवळपास शून्य ओहम दिसले पाहिजेत. ८७ च्या पिनाही बहुतेक वेळा एकमेकींशी जुळतात. हे जुळलं नाही तर तुम्ही चुकीचा डायग्राम वाचताय किंवा कनेक्टर उलटा धरलाय.

३. लागणारं सामान

- ० ते ३० व्होल्ट, ५ अँपियरचा बेंच पॉवर सप्लाय. करंट लिमिटचं बटण आणि अँपियरचा डिस्प्ले दोन्ही हवेत.
- चांगला मल्टिमीटर
- गाडीचे ब्लेड फ्यूज आणि त्यांचे होल्डर
- १२ व्होल्टचा साधा रिले, दोन-तीन टॉगल स्विच
- १६ पिनांचं मादी ओबीडी सॉकेट (गाडीत स्कॅनर लावतात ते)
- १२० ओहमचे रेझिस्टर, १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर (नॉब फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) सात-आठ
- १२ व्होल्ट ५ वॉटचे बल्ब आणि एक २१ वॉटचा बल्ब
- पॉवरसाठी १ स्क्वेअर एमएम आणि सिग्नलसाठी ०.५ स्क्वेअर एमएम वायर, वेगवेगळ्या रंगांत
- आर्डुइनो उनो किंवा नॅनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), क्रँक सिग्नलसाठी
- स्कॅनर, आणि जमलं तर लॅपटॉपला जोडायचा यूएसबी-कॅन ॲडॉप्टर
- दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप, साधा चालेल
- प्लायवुडची फळी, श्रिंक स्लीव्ह, लेबलं

इलेक्ट्रॉनिक्सचं किरकोळ सामान पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

पैसे कमी असतील तर ते पॉवर सप्लायवर घाला. गाडीच्या बॅटरीवर बेंच चालवता येतो, पण शॉर्ट झाला तर बॅटरी शेकडो अँपियर ओतते आणि तुम्हाला कळेपर्यंत ईसीएमच्या आतला कॉपर ट्रॅक उडालेला असतो. करंट लिमिट लावलेला सप्लाय तिथेच थांबतो. शिवाय त्याच्या डिस्प्लेवरचा अँपियरचा आकडा हे बेंचवरचं सगळ्यात उपयोगी निदान आहे. पुढे ते दिसेलच.

४. फळीवरची जोडणी

सप्लायच्या पॉझिटिव्हपासून तीन फाटे काढा. प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र फ्यूज, आणि फ्यूज सप्लायच्या बाजूला.

पहिला फाटा ५ अँपियरच्या फ्यूजमधून ईसीएमच्या ३० नंबरच्या पिनेला. दुसरा ३ अँपियरच्या फ्यूजमधून 'चावी' असं लेबल लावलेल्या टॉगल स्विचला आणि तिथून १५ ला. तिसरा ७.५ अँपियरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. रिलेचा ८७ नंबरचा पाय ईसीएमच्या ८७ च्या सगळ्या पिनांना. रिलेच्या कॉइलचे पाय ८५ आणि ८६. त्यातला एक डायग्रामप्रमाणे १२ व्होल्टला किंवा अर्थला, दुसरा ईसीएमच्या कंट्रोल पिनेला.

रिलेऐवजी ८७ ला सरळ १२ व्होल्ट देऊन मोकळे होणारे बरेच आहेत. माझं मत त्याविरुद्ध आहे. ईसीएमने रिले ओढला तर त्याचा प्रोसेसर, त्याचा आतला पॉवर सप्लाय आणि त्याचा एक आउटपुट, हे तिन्ही जिवंत असल्याचं एका 'टक्' आवाजात कळतं. हा पुरावा हातचा का घालवायचा?

अर्थच्या सगळ्या पिना जोडा. एक जोडली की झालं असं समजू नका. प्रोसेसरची अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलची अर्थ वेगळ्या पिनांवर असू शकते. सगळ्या अर्थ वायरी फळीवर एकाच बोल्टवर आणा आणि तिथून जाड वायर सप्लायच्या निगेटिव्हला. सेन्सरची अर्थ मात्र या बोल्टवर आणायची नाही. ती ईसीएमच्या पिनेतून निघून फक्त सेन्सरना जाते.

आता ओबीडी सॉकेट: पिन १६ ला सतत १२ व्होल्ट, पिन ४ आणि ५ ला अर्थ, पिन ६ ला कॅन-हाय, पिन १४ ला कॅन-लो, पिन ७ ला के-लाइन. इथून पुढे कुठलाही स्कॅनर गाडीत लावावा तसा फळीला लावता येतो.

प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल लावा. कंटाळवाणं काम आहे, पण फळीवर तीस वायरी झाल्यावर रंग पाठ राहत नाहीत.

५. पहिल्यांदा करंट देताना

सेन्सर, थ्रॉटल, लॅपटॉप, काहीही जोडलेलं नको. फक्त पॉवर आणि अर्थ. सप्लाय १३.५ व्होल्टवर, करंट लिमिट १ अँपियरवर. आधी ईसीएमचा कनेक्टर काढलेला ठेवून सप्लाय चालू करा, आणि कनेक्टरच्या प्रत्येक पिनेवर अपेक्षित व्होल्टेज येतंय का ते मोजा. मग सप्लाय बंद, कनेक्टर ईसीएमला, आणि सप्लाय पुन्हा चालू.

चावीचा स्विच अजून ऑफ आहे. या स्थितीत करंट अगदी किरकोळ, मिलिअँपियरमध्ये असायला हवा. बरेच डिस्प्ले तो शून्यच दाखवतील.

चावी ऑन करा. रिले टक् करेल आणि करंट एकदम वर जाईल. साध्या पेट्रोल ईसीएमला सेन्सर न जोडता साधारण ०.२ ते ०.८ अँपियर लागतो, त्यात रिलेच्या कॉइलचा वाटाही आला. तुमच्या ईसीएमचा नेमका आकडा वहीत लिहा. पुढे त्याच प्रकारचा दुसरा ईसीएम आला की तुलना याच आकड्याशी होणार आहे.

करंट अजिबात वाढला नाही, तर १५ किंवा अर्थ पोचलेली नाही, नाहीतर ईसीएमचा आतला सप्लाय मेलेला आहे. करंट लिमिटला टेकला आणि व्होल्टेज कोसळलं, तर ताबडतोब बंद करा. एकतर जोडणी चुकली आहे किंवा ईसीएमच्या आत शॉर्ट आहे. ईसीएमच्या पाठीवर हात लावून बघा, एखादी जागा गरम लागत असेल तर तीही खूण आहे.

रिले ओढला गेला असेल तर लगेच ५ व्होल्टच्या लाइनी मोजा, सेन्सरच्या अर्थच्या संदर्भाने. ४.९ ते ५.१ च्या दरम्यान आकडा हवा. गाडीत ही लाइन कमी दिसत होती आणि बेंचवर पूर्ण ५ व्होल्ट मिळतात, असं झालं तर ईसीएम निर्दोष सुटला. गाडीतला एखादा सेन्सर किंवा घासलेली वायर त्या लाइनला अर्थ करते आहे. कित्येक 'मेलेले' ईसीएम याच पायरीवर जिवंत निघतात.

६. ईसीएमशी बोलणं

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत के-लाइन, नव्यांत कॅन. मधल्या काळातल्या काही गाड्यांत दोन्ही.

के-लाइन ही एकच वायर. शांत असताना तिच्यावर बॅटरीएवढं व्होल्टेज दिसतं. ते वर खेचून धरण्याचं काम स्कॅनरच्या बाजूचा रेझिस्टर करतो आणि त्यासाठी स्कॅनरला पिन १६ चे १२ व्होल्ट लागतात. यूएसबीची साधी के-लाइन केबल फळीवर चालत नसेल, तर दहातल्या नऊ वेळा सॉकेटची पिन १६ रिकामी असते.

कॅनसाठी आधी सप्लाय बंद करा आणि कॅन-हाय व कॅन-लो यांच्यात ओहम मोजा. साधारण १२० दिसले तर ईसीएमच्या आत एक टर्मिनेशन रेझिस्टर (कॅन लाइनीच्या टोकाला लागणारा) आहे. दुसऱ्या टोकाला आणखी एक १२० ओहमचा लावा, म्हणजे एकूण ६० होतील. किलोओहममध्ये आकडा आला तर आत रेझिस्टर नाही, दोन्ही बाहेरून लावा. आणि ४० च्या आसपास आकडा दिसला तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर घुसलाय. बाजारातल्या कॅन मॉड्यूलवर १२० ओहम बहुतेक वेळा आधीच बसवलेला असतो, कधी जंपरवर तर कधी थेट सोल्डर केलेला.

सप्लाय चालू केल्यावर दोन्ही लाइनी अर्थच्या संदर्भाने २.५ व्होल्टच्या आसपास दिसल्या पाहिजेत, हाय किंचित वर, लो किंचित खाली. संदेश जात असताना हाय ३.५ पर्यंत चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते; ते बघायला ऑसिलोस्कोप हवा. एखादी लाइन शून्यावर किंवा १२ व्होल्टवर चिकटली असेल तर स्कॅनर लावण्यात वेळ घालवू नका.

आता स्कॅनर जोडा. इंजिनाच्या कॅनचा वेग बहुतेक गाड्यांत सेकंदाला ५०० किलोबिट, काहींत २५०. लॅपटॉपवरून विचारणा करणार असाल तर ओबीडीचा सर्वांसाठीचा पत्ता हेक्समध्ये ७डीएफ, इंजिन ईसीएमचा स्वतःचा ७ई०, आणि त्याचं उत्तर ७ई८ वरून येतं. ७ई८ दिसला की ईसीएम बोलतो आहे.

इथले दोन सापळे नवशिक्यांचे दिवस खातात. आर्डुइनोला लावायच्या निळ्या एमसीपी२५१५ कॅन मॉड्यूलवर बहुधा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, आणि तयार प्रोग्राममध्ये १६ गृहीत धरलेला असतो. वेग चुकतो आणि काहीच येत नाही. क्रिस्टलवरचा आकडा वाचा आणि प्रोग्राममध्ये तोच लिहा. दुसरा सापळा ईएलएम३२७ या छोट्या ओबीडी ॲडॉप्टरच्या स्वस्त नकलांचा. 'आवृत्ती २.१' लिहिलेल्या कित्येक नकलांना सगळे प्रोटोकॉल नीट येतच नाहीत. त्या जोडल्या गेल्या नाहीत यावरून ईसीएमला दोष देऊ नका. आधी तोच स्कॅनर एखाद्या चालू गाडीत लावून बघा.

लॅपटॉप जोडताना अर्थ आधी जोडा आणि सुटी करताना शेवटी काढा. फळीची अर्थ निसटली तर ईसीएमचा करंट यूएसबीच्या अर्थमधून वाट काढतो आणि लॅपटॉपचा पोर्ट जातो. यूएसबी आयसोलेटर लावलात तर ही काळजी मिटते.

७. सेन्सरची नक्कल

इथे सुरुवात सोपी आहे. पोटेन्शिओमीटरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं सेन्सरच्या अर्थला, मधला पाय सिग्नलच्या पिनेला. मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) किंवा जुन्या प्रकारचा थ्रॉटल सेन्सर असा फिरवता येतो. अशा सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये राहतो. पार शून्य किंवा पार पाच दिसले की ईसीएम वायर तुटली किंवा शॉर्ट झाली असं समजून दोषाचा कोड टाकतो.

कूलंट आणि हवेच्या तापमानाचे सेन्सर दोन वायरींचे असतात. तिथे पोटेन्शिओमीटरचे दोनच पाय वापरा, एक सिग्नलला आणि एक सेन्सरच्या अर्थला. बॉशच्या नेहमीच्या कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २.५ किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. नॉब फिरवत स्कॅनरवर तापमान बघा. ते सलग बदलत गेलं तर ईसीएमचं ते इनपुट चांगलं आहे. काहीच जोडलं नाही तर उणे ४० अंश दिसतात, तो दोष नव्हे.

ॲक्सिलरेटर पेडल आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची नक्कल करायला जाऊ नका. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, त्यांच्या व्होल्टेजचं एकमेकांशी ठरलेलं गणित असतं आणि ते जरा चुकलं की ईसीएम लिंप मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या बचावात्मक अवस्थेत जातो. भंगारातून आणलेले खरे भागच जोडा. थ्रॉटल जोडल्यावर करंट लिमिट ४ ते ५ अँपियरपर्यंत वाढवा, कारण मोटर हलताना क्षणभर जास्त करंट ओढते. चावी ऑन असताना थ्रॉटलच्या तोंडात बोट घालू नका. झडप बोट चिमटण्याएवढ्या जोराने मिटते.

८. इंजिन फिरतंय असं भासवणं

क्रँकचा सिग्नल मिळेपर्यंत ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलेलं आहे, मग इंजेक्टर आणि कॉइल चालणार कुठून?

बऱ्याच गाड्यांत क्रँकचं चक्र '६० उणे २' प्रकारचं असतं: साठ दातांची जागा, त्यातले दोन दात गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरून ईसीएम क्रँकची स्थिती ओळखतो. ३६ उणे १ किंवा आणखी वेगळी रचनाही सापडते, म्हणून आपल्या गाडीची रचना मॅन्युअलमध्ये बघा. ६० च्या चक्राचा हिशोब सोपा आहे: मिनिटाला जितके फेरे, तितकाच हर्ट्झमध्ये दातांचा वेग. ८०० आरपीएम हवा असेल तर ८०० हर्ट्झ.

आर्डुइनोसाठी 'आर्डू-स्टिम' नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. त्यात वेगवेगळ्या चक्रांचे क्रँक आणि कॅमचे नमुने तयार मिळतात.

जोडणी सेन्सरच्या प्रकारावर ठरते. हॉल सेन्सर तीन वायरींचा असतो आणि तो सिग्नलची वायर फक्त अर्थला ओढतो. वर खेचणारा रेझिस्टर ईसीएमच्या आत असतो. म्हणून आर्डुइनोची पिन थेट जोडू नका, मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर घाला. काही ईसीएम ती वायर १२ व्होल्टला खेचून धरतात आणि ट्रान्झिस्टर नसेल तर आर्डुइनो जातो. दोन वायरींचा इंडक्टिव्ह सेन्सर शून्याच्या वर-खाली जाणारा सिग्नल देतो. त्यासाठी आर्डुइनो आणि ईसीएम यांच्यामध्ये छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. सिग्नल उलटा गेला तर ईसीएमला रिकाम्या दातांची जागा कळत नाही. आरपीएम येत नसेल किंवा उड्या मारत असेल, तर आधी दोन वायरींची अदलाबदल करून बघा.

२०० च्या आसपास आरपीएम द्या, सेल्फ मारल्यावर असतो तेवढा. स्कॅनरवर तो आकडा स्थिर दिसला की हळूहळू ८०० वर न्या.

९. आउटपुट

इंजेक्टरच्या जागी ५ वॉटचे बल्ब लावा, एक टोक ८७ च्या १२ व्होल्टला आणि दुसरं ईसीएमच्या इंजेक्टर पिनेला. पल्स लहान असल्याने बल्ब मंद लुकलुकतील. नीट बघायचं तर ऑसिलोस्कोप लावा. चारपैकी तीन लुकलुकतात आणि चौथा अंधारात, तर तो ड्रायव्हर (ईसीएमच्या आत इंजेक्टर चालू-बंद करणारा भाग) गेलाय. चौथा कायम पेटलेला असेल तर ड्रायव्हर शॉर्ट आहे.

हे बल्ब फक्त साध्या पेट्रोल इंजेक्टरच्या जागी चालतात, डिझेलच्या नाही. खरी इग्निशन कॉइल जोडायची असेल तर तिला प्लग लावा आणि प्लगची बॉडी अर्थला पक्की बांधा. उघडी कॉइल हजारो व्होल्टची ठिणगी कुठेही फेकते. टेबलाजवळ पेट्रोल, थिनर, क्लीनरचा स्प्रे ठेवू नका.

क्रँक सिग्नल बरोबर असूनही इंजेक्टर एक-दोन सेकंद चालून थांबले, किंवा सुरूच झाले नाहीत, तर बहुधा इमोबिलायझर अडवतोय. ईसीएमला ओळखीची चावी दिसत नाही. यावर प्रामाणिक उपाय एकच: त्याच गाडीचा मीटर किंवा इमोबिलायझर युनिट, चावीची अँटेना रिंग आणि चावी, हे सगळं बेंचवर आणा. इमोबिलायझर कायमचा बंद करून देणारे भेटतात, पण तशी गाडी चोराला मोकळी होते. डीपीएफ, ईजीआर (धूर कमी करणाऱ्या यंत्रणा) सॉफ्टवेअरमधून काढण्याची मागणीही येईल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो. या कामाला सरळ नाही म्हणा.

१०. कोड वाचताना आणि बेंच बंद करताना

बेंचवर कोडची रांग लागणार, घाबरू नका. 'यू' ने सुरू होणारे कोड, जसे एबीएस सापडत नाही म्हणून यू०१२१ किंवा मीटर सापडत नाही म्हणून यू०१५५, इथे येणारच. जे सेन्सर जोडलेच नाहीत त्यांचे कोडही येणार. पहिली यादी लिहून घ्या, कोड पुसा, आणि पुन्हा वाचा. क्रँक सिग्नल देत असूनही पी०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) परत येत असेल, तर तो गांभीर्याने घ्या.

सदोष ईसीएम थंड असताना उत्तम चालतो आणि गरम झाल्यावर मुका होतो, असंही घडतं. म्हणून निकाल देण्याआधी त्याला अर्धा तास चालू ठेवा आणि हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा, हात लावता येईल न येईल इतपत. संवाद तुटतो का, ५ व्होल्ट पडतात का, यावर नजर ठेवा.

पुरात भिजलेल्या ईसीएमला येताक्षणी करंट देऊ नका. कोल्हापूर-सांगलीत २०१९ ला आणि चिपळूणला २०२१ ला ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांना या मालाची हालत माहीत आहे. पिनांवर हिरवट थर असेल तर आत चिखल गेलाय असं धरा. उघडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, पूर्ण सुकू द्या, मग पाचवी पायरी.

बंद करताना आधी चावीचा स्विच ऑफ करा आणि थांबा. ईसीएम स्वतः काही सेकंद रिले धरून ठेवतो, शिकलेल्या गोष्टी मेमरीत लिहितो आणि मग सोडतो. रिलेचा दुसरा 'टक्' ऐकू आल्यावरच सप्लाय बंद करा. मेमरी वाचायचं किंवा लिहायचं काम असेल तेव्हा बेंच यूपीएसवर घ्या. लिहिता लिहिता लाइट गेली तर चांगला ईसीएम हातचा जातो.

११. ईसीएम पास झाला, आता गाडीकडे

बेंचवर सगळं ठीक निघालं तर दोष गाडीत आहे. तिथे फक्त मल्टिमीटर लावून '१२ व्होल्ट येतायत' म्हणू नका. एका तारेवर लोंबकळणारी वायरही मल्टिमीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. गाडीच्या ईसीएम कनेक्टरवर २१ वॉटचा बल्ब लावा, एकदा ३० आणि अर्थमध्ये, मग रिले ओढवून ८७ आणि अर्थमध्ये, आणि असं प्रत्येक अर्थ पिनेसाठी करा. १५ ची वायर एवढ्या लोडसाठी नसते, तिथे ५ वॉटचा बल्ब पुरे. पिनेत प्रोब खुपसून ती पसरवू नका, मापाची टर्मिनल वापरा. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून कनेक्टरच्या अर्थ पिनेपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ईसीएम बाजूला ठेवा आणि त्या अर्थचा बोल्ट शोधून खोला, घासा आणि पुन्हा आवळा.